कुसू आधी की भोक?

दोन लाकडं जोडताना एकाच्या टोकाला काढलेला बारीक भाग म्हणजे कुसू; ते दुसऱ्या लाकडातल्या भोकात बसतं. आधी भोक. कुसू नंतर रंध्याने बारीक करता येतं, पण भोक एकदा मोठं झालं की संपलं.

भोकाची रुंदी लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश धरा, पण खरा निर्णय तुमची पटाशी करते. ३६ मिमीच्या फळीला मी १२ मिमीची पटाशी घेतो आणि गेजच्या (लाकडावर समांतर रेघा ओढायच्या अवजाराच्या) दोन टोकांमधलं अंतर तिच्याच पात्यावर लावतो. मोजपट्टीला हातही लावत नाही.

आतलं लाकूड ड्रिलने काढा. बिटवर टेप गुंडाळून खोली ठरवा, कडेपासून थोडं आत राहा. उरलेल्या भिंती पटाशीने उभ्या ताशीत न्या. राउटर (फिरत्या बिटने लाकूड कोरणारं मशीन) असेल तर एका फेरीत ३-४ मिमीच खोल जा; घाई केली की बिट जळतं आणि कड फाटते. डोळ्यांच्या संरक्षणाचा चष्मा घातल्याशिवाय मशीन सुरू करू नका.

आता कुसू. खांद्याची, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या पायरीची रेघ पेन्सिलीने नको, धारदार सुरीने मारा. सुरी तंतू कापते, त्यामुळे करवतीला कड उचकटता येत नाही. करवत नेहमी रेघेच्या बाहेर, टाकाऊ बाजूला चालवा. रेघ अर्धी शिल्लक दिसली पाहिजे. माझा पहिला स्टूल डुगडुगला तो इथेच: मी रेघेवरूनच कापलं होतं, पात्याच्या जाडीएवढं कुसू कमी भरलं.

लांबी भोकापेक्षा २ मिमी कमी ठेवा, जास्तीच्या सरसाला जागा लागते. सरस लावण्याआधी कोरडं बसवून बघा. हाताने अर्धं जावं, उरलेलं लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी.