चॅनल एचडीवर गेलं आणि दिसेना? काय काय तपासायचं ते सांगतो

चॅनल एसडीवरून, म्हणजे जुन्या साध्या चित्रावरून, एचडीवर गेलं की लोक लगेच नवीन डिश घ्यायला निघतात. जरा थांबा. डिशला आणि एलएनबीला (डिशसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) एचडी-बिचडी काही कळत नाही, ते फक्त सिग्नल गोळा करून खाली पाठवतात, त्यामुळे डब्यावर "एचडी एलएनबी" लिहिलंय म्हणून पैसे घालवू नका, केयू बँडचा (घरच्या छोट्या डिशच्या फ्रिक्वेन्सीचा) साधा युनिव्हर्सल एलएनबी धड असेल तर तोच चालतो.

बदलतात त्या दोन गोष्टी, आणि त्यांचीच गल्लत होते. एक, चित्र दाबायची पद्धत. जुनं चित्र ७२० बाय ५७६, फुल एचडी १९२० बाय १०८०, गुणाकार करून बघा, बरोब्बर पाचपट ठिपके होतात, म्हणून एमपेग-२ सोडून एमपेग-४ म्हणजे एच.२६४ घेतात, नाहीतर एक चॅनलच ट्रान्सपॉन्डरची (सॅटेलाइटवरून चॅनल खाली पाठवणारा भाग) केवढी जागा खाईल. दुसरी, सिग्नल पाठवायची पद्धत. डीव्हीबी-एस जाऊन डीव्हीबी-एस२ येतं, हे स्टँडर्ड २००५ सालचं, तेवढ्याच जागेत साधारण ३० टक्के जास्त डेटा बसतो.

आता तुमचा बॉक्स कुठे अडतोय ते बघा. नवीन स्कॅनमध्ये चॅनलचं नाव आलं, कदाचित आवाजही आला, पण स्क्रीन काळी, तर सिग्नल पोचतोय आणि बॉक्सला एमपेग-४ उलगडता येत नाहीये. नावच येत नसेल, आणि त्याच सॅटेलाइटचे बाकीचे चॅनल मस्त चालू असतील, तर बहुतेक बॉक्स डीव्हीबी-एस२ वाला नाही. दोन्हीला उपाय एकच, बॉक्स बदलणे, सेटिंगमध्ये तासनतास घालवून काही होणार नाही.

पण बॉक्सवर एस२ आणि एच.२६४ दोन्ही लिहिलंय आणि तरी चॅनल येत नाही, तर आधी बॉक्सच्या मेनूतली ट्रान्सपॉन्डरची एन्ट्री बघा. सिम्बॉल रेट, म्हणजे सिग्नलचे तुकडे (सिम्बॉल) किती वेगाने येतात तो आकडा, पूर्वी २७५०० असेल तो आता ३०००० झालेला असू शकतो, जुन्या आकड्यावर बॉक्स लॉकच होणार नाही. नवीन आकडे हाताने टाका किंवा सरळ ब्लाइंड स्कॅन लावा, म्हणजे आकडे बॉक्सच शोधतो.

आणि आता खरं दुखणं, डिशचा नेम. जुन्या क्यूपीएसकेमध्ये (सिग्नलवर डेटा चढवायची पद्धत) एका सिम्बॉलमध्ये २ बिट असायचे, एचडीला बहुतेक ८पीएसके वापरतात, ३ बिट, म्हणजे एका सिम्बॉलला दुसऱ्यापासून ओळखायच्या खुणा एकमेकींच्या जवळ आल्या आणि थोडी खरखर झाली तरी बॉक्स गोंधळतो. त्यामुळे जी डिश वर्षानुवर्षं "चालतीये की" म्हणून सोडून दिली होती तीच आता चौकोन-चौकोन दाखवते. मीटरवर स्ट्रेंथ बघू नका, क्वालिटी बघा, स्ट्रेंथ ९० असून क्वालिटी शून्य असू शकते.

एकाला टीव्हीसमोर बसवा किंवा फोनवर व्हिडिओ कॉल लावून ठेवा. नट पूर्ण काढायचे नाहीत, फक्त डिश जड हलेल इतके सैल करायचे, मग केसभर हलवायचं आणि दोन-तीन सेकंद हात काढून थांबायचं, कारण बॉक्सचा मीटर उशिरा बोलतो आणि लोक घाईत बरोबर जागा ओलांडून पुढे जातात. डावं-उजवं झालं की वर-खाली, मग एलएनबी त्याच्या क्लॅम्पमध्ये थोडा थोडा फिरवून बघा, हे बरेच जण करतच नाहीत आणि क्वालिटी इथेच वाढते. नट आवळताना मीटरवर लक्ष हवंच, आवळता आवळता डिश सरकते. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा असं नको, आलटून पालटून.

केबलची टोकं पण उघडून बघा. एफ कनेक्टरमध्ये (केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड) जाळीची एक बारीक तार मधल्या तांब्याला टेकलेली असली तरी सगळी मेहनत वाया. तांबं हिरवं-काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन कनेक्टर लावा आणि बाहेरच्या जोडाला पाणी लागणार नाही असं बघा.

चित्र आलं पण आवाज नाही? एचडी चॅनलवर बऱ्याचदा डॉल्बी ऑडिओ असतो, बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम (साधा आवाज) करा, नाहीतर दुसरा ऑडिओ ट्रॅक निवडा. आणि बॉक्स अजून तीन रंगांच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरवर असेल तर एचडी दिसणारच नाही बरं का, एचडीएमआय लावा, आउटपुट १०८०आय किंवा ७२०पी ठेवा. सगळं नीट चाललं की जुन्या एसडी एन्ट्री उडवून टाका, नाहीतर घरातली मंडळी रिमोटवर तोच जुना नंबर दाबतात आणि परत "सिग्नल नाही" म्हणून हाक मारतात.