साठीनंतर अंथरूण धरलं, तर पायातली ताकद परत कशी आणावी

डेंग्यू झाला, न्यूमोनिया झाला, पाय प्लॅस्टरमध्ये गेला किंवा हर्नियाचं ऑपरेशन झालं. ताप उतरतो, टाके निघतात, रिपोर्ट नॉर्मल येतात. तरीही कमोडवरून उठताना भिंत धरावी लागते आणि रिक्षात चढताना कुणीतरी मागून हात द्यावा लागतो. घरचे म्हणतात, "अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू." साठीच्या पुढे तो आपसूक पूर्ण जात नाही, त्याला घालवावं लागतं.

अमेरिकेत २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या, चांगल्या धडधाकट माणसांना दहा दिवस पलंगावर ठेवलं. आजार नाही, ताप नाही, जेवण वेळेवर. तरी प्रत्येकाच्या पायांतून सरासरी जवळपास एक किलो स्नायू गेला आणि मांडीची ताकद सुमारे १६ टक्क्यांनी घटली. खरोखर आजारी असलेल्या माणसाला ताप आणि तोंडाची गेलेली चवही सोसायची असते, म्हणजे नुकसान कमी नक्कीच नसणार.

असं का होतं? स्नायू रोज थोडा मोडतो आणि रोज थोडा बांधला जातो. पडून राहिलं की बांधकाम मंदावतं. तरुणपणी पोटभर जेवण आणि चार जिने चढणं एवढ्यावर ते पुन्हा जोरात सुरू होतं. वय झालं की अन्न आणि व्यायाम या दोन्ही हाकांना स्नायू उशिरा आणि हळू आवाजात ओ देतो. झटकन जोर लावणारे तंतू वयाबरोबर आधी बारीक होतात, त्यांना हलवणाऱ्या काही चेतापेशी मरतात आणि दुरुस्ती करणाऱ्या मूळ पेशीही कमी होतात. म्हणून ठेच लागल्यावर सावरायला जो झटका लागतो, तोच नेमका हरवलेला असतो.

सुरुवातीआधी

डॉक्टरांना एकच नेमका प्रश्न विचारा: "पायावर पूर्ण वजन द्यायला आणि जोर लावायला हरकत नाही ना?" खुब्याचं, गुडघ्याचं, पोटाचं किंवा हृदयाचं ऑपरेशन झालं असेल, तर तुमच्या फिजिओथेरपिस्टचं सांगणं या लेखाच्या वर. छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं किंवा एकाच पोटरीला सूज येऊन ती दुखणं यांपैकी काहीही असलं तर व्यायाम बाजूला ठेवून दवाखाना गाठा. एका पोटरीची सूज म्हणजे रक्ताची गुठळी असू शकते. तेल लावून चोळत बसू नका.

पहिली पायरी: मोजमाप

हात नसलेली साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लॅस्टिकची खुर्ची लादीवर सरकते, ती नको. दोन्ही हात छातीवर घडी घालून पाच वेळा उठा आणि बसा, कुणाला तरी मोबाइलवर वेळ लावायला सांगा. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली ठरवलेल्या निकषानुसार १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर स्नायू कमजोर झाल्याची शंका घ्यावी. हाताच्या आधाराशिवाय उठताच आलं नाही, तर तेही मोजमापच. आकडा कॅलेंडरवर तारखेसमोर लिहून ठेवा. वजनकाट्यावर भरवसा ठेवू नका. स्नायू जाऊन चरबी आली की काटा तेवढाच राहतो आणि आपण खूश होतो.

दुसरी पायरी: अजून अंथरुणातच असाल तर

वाट बघायची गरज नाही. पावलं वर-खाली हलवणं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबत मांडी आवळणं आणि पाच आकडे मोजून सोडणं, गुडघे दुमडून कंबर थोडी उचलणं. दर दोन-तीन तासांनी दहा-दहा वेळा. जेवण पलंगावर नाही, खुर्चीत बसून. उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा, मग उभे राहा. बऱ्याच दिवसांनी एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो आणि माणूस बाथरूमच्या दारात कोसळतो.

तिसरी पायरी: खुर्ची

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. "मी रोज चालतो की!" हे उत्तर मला नेहमी ऐकू येतं. चालणं हृदयाला, साखरेला आणि मूडला उत्तम आहे, पण सपाट रस्त्यावर मांडीला फारसा जोर पडत नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी तरुण आणि वयस्क पुरुषांचा एक पाय दोन आठवडे जखडून ठेवला आणि नंतर सहा आठवडे त्यांच्याकडून सायकलिंग करून घेतलं. स्नायू भरून आला, दमसासही आला, पण ताकद पूर्ण परतली नाही. ताकद हवी तर वजनाविरुद्ध जोर लावावा लागतो, आणि घरात हाताशी असलेलं सगळ्यात मोठं वजन म्हणजे आपण स्वतः.

खुर्चीवर उशी ठेवून बसा, म्हणजे उंची वाढेल. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुका आणि उठा. आता खरं काम: बसताना तीन आकडे मोजत, सावकाश. आजारातून उठलेला माणूस कसा बसतो ते बघा. शेवटची वीतभर तो धप्पकन पडतो, कारण तेवढ्यापुरता मांडीने हात टेकलेला असतो. ती वीतच परत मिळवायची आहे. आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास रोखला जाणार नाही.

आधी पाच वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच वेळा. दिवसाआड. संच संपताना "अजून दोन-तीनच जमतील" असं वाटलं पाहिजे. गप्पा मारत वीस वेळा जमत असेल, तर काम हलकं झालंय, वाढवा. आधी उशी काढा, मग हात घडी घालून करा, मग छातीशी साखरेचं किलोचं पाकीट धरा, मग दोन पाकिटं. वाढ आठवड्याला एकच, आणि गुडघा तक्रार करत असेल तर उंची पुन्हा वाढवा.

जोडीला स्वयंपाकाच्या ओट्याला हात टेकून टाचा उचलणं, कठडा धरून एकच पायरी चढणं-उतरणं आणि भिंतीला हात लावून दंडासारखा जोर काढणं. तोल सावरण्यासाठी ओट्याशेजारीच एका पावलासमोर दुसरं पाऊल ठेवून दहा सेकंद उभं राहणं. पायात स्लिपर नको, लादी ओली नको. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी नको.

"या वयात कुठे?" म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या मोजक्या माणसांना आठ आठवडे चांगल्यापैकी जड वजनांचा व्यायाम दिला. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. जितका माणूस खंगलेला, तितकी सुरुवातीची वाढ ठळक दिसते.

चौथी पायरी: ताट

आपल्याकडे आजारी माणसाला पेज, मऊ भात आणि साबुदाण्याची खीर देतात. दोन दिवस ठीक, पण पंधरा दिवस हेच चाललं तर स्नायू बांधायला माल कुठून येणार? उतारवयात प्रथिनं किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम आणि आजारपणात १.२ ते १.५ ग्रॅम लागतात, असं तज्ज्ञ सांगतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास, आणि तीही एका जेवणात न कोंबता तिन्ही वेळांत वाटून.

हिशेब अवघड नाही. घट्ट वरणाची वाटी, मटकीच्या उसळीची वाटी, दही आणि दोन पोळ्या मिळून २०-२५ ग्रॅम होतात. वरण घट्ट हवं, पातळ वरणात डाळ शोधावी लागते. सकाळी दोन अंडी आणि पेलाभर दूध मिळून सुमारे १८. अंडं चालत नसेल तर मुगाची धिरडी आणि पनीर. मासे खाणाऱ्या घरात प्रश्नच नाही. भूक नसेल तर आधी उसळ-दही संपवा, भात शेवटी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.

पाचवी पायरी: विश्रांती, पण नेमकी

नव्या व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात. दोन्ही बाजूंना सारखं, दाबल्यावर दुखणारं आणि हलल्यावर सैलावणारं दुखणं स्नायूचं असतं, ते चालेल. सांध्यात टोचणारं, एकाच बाजूचं किंवा रात्री जागं करणारं दुखणं नको. त्याच स्नायूला पुन्हा कामाला लावण्याआधी ४८ तास जाऊ द्या. ठणका तीन दिवसांनंतरही तसाच असेल, तर पुढच्या वेळी निम्मं करा. मधल्या दिवशी चाला, पडून राहू नका.

आणि घरच्यांनी प्रेम जरा आवरावं. "आई, तू बसून राहा, मी देते" हे दिवसातून वीस वेळा म्हटलं, की आईचं वीस वेळा उठणं वाचलं, म्हणजेच बुडालं. पाण्याचा तांब्या हातात आणून देण्यापेक्षा तिच्या वाटेतली चटई उचला आणि बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवून घ्या.

दर दोन आठवड्यांनी पाच उठबशांची वेळ पुन्हा लावा. दहा दिवसांत गेलेलं भरून यायला कित्येक आठवडे लागतात, दोन-तीन महिनेही लागू शकतात. दोन महिन्यांत आकडा हललाच नाही, तर ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि चालू औषधं तपासून घ्या. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनीही स्नायू दुखतात, पण त्या आपल्या मनाने बंद करू नका.

गुडघा बदलण्याची तारीख दोन महिने पुढची मिळाली असेल, तर हे सगळं आजपासून करायचं, दुखत नाही तेवढ्या उंचीच्या खुर्चीवरून. चांगल्या पायाला दोनदा, कारण ऑपरेशननंतरचे पहिले आठवडे तोच सगळं पेलणार आहे.