नैराश्यात अंग जड होतं, वेळ सरत नाही: घरच्यांनी काय करावं

नैराश्य बळावलं की माणूस नुसता उदास राहत नाही, त्याची हालचालही मंदावते. पावलं आखूड पडतात, चालताना हात फारसे हलत नाहीत, खांदे पुढे झुकतात, आवाज बारीक आणि एकसुरी होतो. ‘जेवणार का?’ या प्रश्नाचं उत्तर ओठांवर यायच्या आत घरचे दुसरा प्रश्न विचारतात आणि तो माणूस पुन्हा गप्प होतो. हा आळस नव्हे. ‘जरा हातपाय हलव’ असं सुनावल्याने फक्त अपराधीपणा वाढतो, आणि तो या आजारात आधीच भरपूर असतो. काही जणांत उलट चित्र दिसतं: सतत येरझाऱ्या, हात चोळणं, एका जागी बसवत नाही. तेही याच आजाराचं लक्षण आहे.

वेळेचंही असंच. दहा मिनिटं झाली की नाही, हा अंदाज बहुतेक रुग्णांना बऱ्यापैकी सांगता येतो. तरी दिवस संपता संपत नाही, आणि पुढचा महिना तर डोळ्यांसमोर उभाच राहत नाही. म्हणून ‘दिवाळीपर्यंत बरा होशील’ हा दिलासा पोचत नाही. जवळचं बोला: ‘चहा घेऊ, मग गॅलरीत बसू.’

सुरुवात नोंदीपासून करा. आठवडाभर रोज चार गोष्टी वहीत लिहा: जाग किती वाजता आली, आंघोळ उरकायला किती वेळ लागला, किती चालणं झालं, दिवसातला सगळ्यात जड वेळ कोणता. पहाटे फार लवकर जाग येऊन सकाळ सर्वांत वाईट जाणं आणि संध्याकाळी थोडं हलकं वाटणं, हे तीव्र नैराश्यात अनेकदा दिसतं. ही वही आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन मनोविकारतज्ज्ञांकडे जा. थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं, बी-१२ची कमतरता, पार्किन्सन्स आणि काही औषधं यांमुळेही अंग मंदावतं. ते तपासून घ्यायला हवं.

घरात काम तोडून द्या. ‘आंघोळ कर’ हा एक हुकूम नसून आठ-दहा कामं आहेत. आधी फक्त पलंगाच्या कडेला बसणं. वयस्कर माणसाला तिथे मिनिटभर बसू द्या, कारण काही गोळ्यांनी उभं राहताना चक्कर येते. मग बाथरूमपर्यंत जाणं, मग तोंड धुणं. त्या दिवशी तेवढंच झालं तरी चालेल. कपडे काढून ठेवा, पाणी तापवून द्या, पण तांब्या त्यांच्याच हातात राहू द्या. सगळं आपण उरकलं तर उरलीसुरली हालचालही थांबते.

प्रश्न एकच विचारा, दोन पर्याय द्या: ‘पोहे की उपमा?’ मग मनात पंधरापर्यंत मोजत थांबा.

वेळ घड्याळावर बांधा, इच्छेवर नाही. ‘मन झालं की फिरायला जाऊ’ म्हटलं तर जाणं होत नाही. इच्छा हालचालीच्या मागून येते. जो वेळ त्यातल्या त्यात हलका, तेव्हा दहा मिनिटं चाला, शक्यतो उजेडात. चार-पाच दिवस ते जमलं तरच पाच मिनिटं वाढवा. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच: एक दिवस बरा गेला की घरचे बाजार, बँक, पाहुणे सगळं त्याच दिवशी उरकायला बघतात.

औषधाचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला सहा ते आठ. औषधं आपल्या मनाने बंद करू नका. कधी कधी अंगात बळ आधी येतं आणि निराशा मागे रेंगाळते. हा काळ आत्महत्येच्या दृष्टीने धोक्याचा असू शकतो. गोळ्या, कीटकनाशक कुलपात ठेवा. ‘मरणाचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

खाणंपिणं थांबलं, बोलणं बंद झालं, माणूस एकाच स्थितीत तासन्‌तास राहू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. या अवस्थेवर इंजेक्शनने आणि गरज पडल्यास भूल देऊन केलेल्या विद्युत उपचाराने बहुधा चांगला गुण येतो.