भत्ता चालू असताना कामावर परतायचंय?
मानसिक आजारातून सावरताना अपंगत्व भत्ता मिळत असेल आणि काम चालून आलं, तर होकार देण्याआधी भत्ता देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारा: किती तास आणि किती कमाईपर्यंत भत्ता शाबूत राहतो? उत्तरही लेखीच घ्या. खिडकीवरचं "चालतंय हो, करा" नंतर कामी येत नाही.

काही ठिकाणी काम करून बघायची मुभा असते. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीच्या अपंगत्व विम्यात 60 महिन्यांत 9 महिने असं काम करता येतं; कमाई कितीही झाली तरी त्या महिन्यांचा भत्ता थांबत नाही, आणि ते सलग असायचीही गरज नाही. मात्र काम सुरू केल्याचं कळवावंच लागतं. पगाराची प्रत्येक पावती फाइलला लावा, कळवल्याची पोच जपा. जादा गेलेले पैसे कार्यालय बऱ्याच उशिराने परत मागतं, तोवर ते खर्चून गेलेले असतात.

तब्येत पुन्हा ढासळली तर भत्ता नव्याने अर्ज न करता सुरू होतो का, हेही आधीच विचारून ठेवा. मला तर हा प्रश्न पगारापेक्षा मोठा वाटतो.

तास सुरुवातीला कमीच घ्या. रात्रीच्या गोळीने सकाळी डोकं जड राहत असेल, तर सरळ दुपारची पाळी मागा.