आधी तोड्याची तारीख, मग फवारणी: भाजी आणि मातीतील कीटकनाशकांचे अवशेष कसे आटोक्यात ठेवावेत

भाजीपाल्यावर फवारणी करताना लक्ष किडीवर असते, पण भाजीत किती औषध उरणार हे मुख्यतः तोड्याच्या तारखेवर ठरते. म्हणून औषध निवडण्याआधी पुढचा तोडा किती दिवसांवर आहे हे मोजावे आणि लेबलवर त्या पिकासाठी दिलेला प्रतीक्षा कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांमध्ये जाऊ द्यायचे किमान दिवस, त्याच्याशी ताडून पाहावा. लेबलवर आपल्या पिकाचे नाव नसेल तर ते औषध त्या पिकावर वापरू नये. वांग्यासाठी दिलेला कालावधी मेथीला लावता येत नाही, कारण पालेभाजीचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो आणि फवारा थेट खाण्याच्या भागावरच बसतो.

ही अडचण भेंडीत फार जाणवते. फूल उमलल्यापासून साधारण 5 ते 7 दिवसांत भेंडी तोडणीला येते आणि तोडा दिवसाआड करावा लागतो. 7 दिवस प्रतीक्षेचे औषध फवारले, तर मधल्या तीन तोड्यांचा माल बाजारात नेता येत नाही, आणि झाडावर तशीच राहिलेली भेंडी जून होऊन नवा बहर रोखते. म्हणून सकाळी तयार माल पूर्ण तोडून घ्यावा, संध्याकाळी वारा पडल्यावर फवारावे आणि प्रतीक्षेच्या काळात वाढलेली भेंडी खुडून पुरून टाकावी. ती जनावरांपुढे टाकू नये. हे नुकसान सोसणारे नसेल, तर तोडे सुरू झाल्यावर कमी प्रतीक्षेचे औषध, निंबोळी अर्क किंवा जिवाणूजन्य कीटकनाशक वापरावे आणि तीव्र औषधे फुलोऱ्याआधीच संपवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतीक्षेमागचा हिशोब सोपा आहे. समजा, फवारणीनंतर भाजीवर किलोमागे 2 मिलिग्रॅम औषध आहे आणि ते दर 3 दिवसांनी निम्मे होते. 9 व्या दिवशी 0.25 आणि 12 व्या दिवशी 0.125 मिलिग्रॅम उरेल. कमाल अवशेष मर्यादा, म्हणजे भाजीत कायद्याने चालणारे औषधाचे सर्वाधिक प्रमाण, किलोमागे 0.2 मिलिग्रॅम असेल तर 9 व्या दिवशीचा माल नापास ठरतो. मात्रा दुप्पट केली तर तीच पातळी गाठायला आणखी 3 दिवस लागतात. ढगाळ, थंड हवेत विघटन मंदावते, त्यामुळे तेव्हा लेबलवरील दिवसांपेक्षा थोडे अधिकच थांबावे.

फवारणीनंतर पंप तीनदा विसळावा. आधीच्या पिकाचे औषध टाकीत राहिले, तर पुढच्या भाजीवर न वापरलेल्या औषधाचे अवशेष सापडतात.

घरी भाजी वाहत्या पाण्याखाली चोळून धुतल्याने पृष्ठभागावरचे औषध बऱ्याच अंशी निघते, आणि कोबीची बाहेरची पाने काढल्यास आणखी फरक पडतो. आंतरप्रवाही औषध मात्र रसाबरोबर पेशींत शिरलेले असते. ते धुऊन जात नाही, त्यामुळे तोड्याची घाई धुण्याने भरून निघत नाही.

मातीचा प्रश्न अधिक चिवट आहे. डीडीटी, डिल्ड्रिन यांसारखी जुनी क्लोरीनयुक्त कीटकनाशके दशकानुदशके मातीत टिकतात, तर मॅलाथिऑन सहसा काही दिवसांतच विघटित होते. जुन्या वापराची शंका असेल तर शेतात नागमोडी चालत 15 ते 20 ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे 15 सेंटीमीटर खोल खड्डे घ्यावेत, त्यांच्या बाजूची माती खरवडून एकत्र मिसळावी आणि काचेच्या स्वच्छ बाटलीत भरून थंड ठेवून प्रयोगशाळेत पोहोचवावी. खतासाठीच्या माती परीक्षणाप्रमाणे हा नमुना वाळवू नये, कारण वाळवताना काही औषधे उडून जातात किंवा विघटित होतात. प्रयोगशाळेला पूर्वी वापरलेल्या औषधांची नावेही द्यावीत, कारण कोणते औषध शोधायचे त्यावर तपासणीची पद्धत ठरते.

अवशेष आढळल्यास शेणखत, कंपोस्ट आणि पुरेसा ओलावा यांनी सूक्ष्मजीवांचे काम वाढवता येते. सेंद्रिय पदार्थ औषधाला धरूनही ठेवतात, त्यामुळे ते मुळांना कमी मिळते. क्लोरीनयुक्त औषधांवर याचा परिणाम फारच सावकाश होतो. अशा जमिनीत गाजर घेऊ नये, कारण अवशेष त्याच्या सालीत साठतात. भोपळा आणि काकडीही टाळावी, कारण या कुळातील वेल असे अवशेष मुळांवाटे इतर भाज्यांपेक्षा अधिक ओढून फळापर्यंत पोहोचवतात.