मेंढरांचे जंत: वय पाहून औषध कसं पाजावं

ईटीव्ही (आंत्रविषाराची लस) आणि पीपीआर (मेंढ्या-शेळ्यांचा विषाणूजन्य साथरोग) यांची लस टोचली म्हणजे जंतांचंही भागलं, ही समजूत आधी सोडा. त्या लसींचा जंतांशी संबंध नाही. रक्त पिणाऱ्या हिमोंकस जंतावरची लस 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात विक्रीला आली. तिथंही कोकराला आधी तीन डोस आणि पुढं दर सहा आठवड्यांनी एक द्यावा लागतो. लसीतली प्रथिनं जंताच्या आतड्यातली असतात. मेंढीच्या शरीराला ती एरवी भेटत नाहीत, म्हणून नुसतं चरून तो प्रतिकार ताजा होत नाही.

आपल्याकडे पानकळ्यात वावरात पीक उभं असतं, सारी मेंढरं ई-क्लासवर (सरकारी चराऊ जमिनीवर) दाटतात आणि जंत वाढतो. तेव्हा दर पंधरा दिवसांनी कळप तपासा.

1. तीन गट करा: वर्षाच्या आतली कोकरं, गाभण व दुधाच्या मेंढ्या, बाकी.

2. डोळा पाहा. जंतानं रक्त प्यायलं की आतला पडदा फिका पडतो. चुका इथंच होतात. वाड्यातल्या अंधारात पाहू नका, उन्हात या. एका अंगठ्यानं वरची पापणी मिटवून बुबुळावर हलकं दाबा, दुसऱ्यानं खालची ओढा. आतला पडदा वर येतो, त्याचा रंग लगेच ताडा. पापणी धरून ठेवली की रंग बदलतो. दोन्ही डोळे पाहा, फिका असेल तो खरा. धुळीनं आलेला डोळा लालच दिसतो, त्याला फसू नका. अंदाजावर तर मुळीच जाऊ नका, फमाचाचं, म्हणजे पडद्याचा रंग जुळवून पाहायचं, रंगांचं कार्ड हातात हवं. त्यात 1 म्हणजे लाल, 5 म्हणजे पांढरा.

मोठ्या धडधाकट मेंढीला 4 किंवा 5 असेल तरच औषध. कोकराला 3 असला तरी पाजा: त्याची प्रतिकारशक्ती कच्ची आणि अंगात रक्तही थोडं. एक जंत दिवसाला 0.05 मि.ली. रक्त खातो, हजार जंत म्हणजे 50 मि.ली. व्यायच्या सुमाराला आणि पाजत्या मेंढीचा प्रतिकारही घटतो, तिलाही 3 असला तरी पाजा. जबड्याखाली पाणी उतरलं असेल तर रंग न पाहता पाजा.

सगळ्या कळपाला सरसकट पाजायचा सल्ला वाईटच. त्यानं औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागं उरतात.

3. ताणकाट्यावर वजन करा.

4. अल्बेंडाझोल किलोला 7.5 मि.ग्रॅ. 2.5 टक्क्यांच्या औषधात 20 किलोला 6 मि.ली. नुकत्याच गाभण राहिलेल्या मेंढीला हे देऊ नका, डॉक्टरांना विचारून दुसरं घ्या.

5. तोंड आडवं ठेवून जिभेच्या मागं सोडा. मान वर केली तर औषध फुप्फुसात जातं.