वावरात फोन दगा देऊ नये म्हणून: ई-पीक पाहणीची तयारी कशी करावी

काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात ई-पीक पाहणी करायला, म्हणजे फोनवरच्या अ‍ॅपमधून सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायला, काकाजींसोबत त्यांच्या वावरात उभा होतो. जमिनीचा गट क्रमांक निवडला, तूर निवडली, क्षेत्र भरलं, फोटोसाठी कॅमेरा उघडला आणि फोन विझला. बॅटरी 34 टक्के दाखवत होती. "चालू कर ना बाबू," काकाजी म्हणाले. चालू केला, कॅमेरा उघडला, पुन्हा अंधार. चिखल तुडवत घरी आलो तर लाईन गेलेली, दुसऱ्या दिवशी धो-धो पाऊस, आणि मुदत संपली. पुढे हमीभावाच्या नोंदणीला सातबाऱ्यावर तूरच दिसेना. काकाजींनी ती व्यापाऱ्याला पडेल भावात घातली. मला ते अजून सलतं, कारण थोडी तयारी केली असती तर ते टळलं असतं.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर पिकाची नोंद शेतकऱ्यानंच फोनवरून करायची पद्धत आली. म्हणजे नांगर-वखरासारखा फोनही शेतीचं अवजार झाला. पेरणीआधी आपण तिफण तपासतो, तसाच हाही तपासायचा.

आठ दिवस आधी: बॅटरीची परीक्षा

जुन्या फोनवरच्या टक्क्यांवर भरवसा ठेवू नका. बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला अवरोध वाढतो. साध्या वापराला ती पुरते, पण कॅमेरा, लोकेशन आणि पूर्ण उजेडातला स्क्रीन एकाच वेळी वीज ओढू लागले की व्होल्टेज कोसळतं आणि फोन बंद पडतो. घरीच पाहून घ्या. चार्ज 40 टक्क्यांवर आला की लोकेशन सुरू करा, स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा आणि पाच मिनिटं व्हिडिओ काढा. फोन टिकला तर बरं. बंद पडला तर बॅटरी बदलून घ्या, ते जमत नसेल तर वावरात पॉवर बँक जोडूनच काम करा. फोनची पाठ फुगलेली दिसली तर मात्र तो चार्जिंगला लावूच नका, अशी बॅटरी पेट घेऊ शकते.

"पिन वाकडी धरली तरच चार्ज होते" अशी तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे. दर वेळी चार्जर खराब नसतो. फोन बंद करा, तोंड उजेडाकडे करून चार्जिंगच्या खाचेत डोकावा. तळाशी करडा, दाबून बसलेला थर दिसेल. कापूस वेचताना, भरताना फोन खिशातच असतो. कापसाची रुई, घाम आणि धूळ तिथं जाऊन बसते. दातकोरणीचं लाकडी टोक बारीक करून कडेकडेनं हलकेच उकरा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतल्या पट्ट्या वाकतात. काकाजींच्या फोनमधून ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी निघाली, आणि पिन खट्‌ करून पूर्ण आत बसली.

आदल्या दिवशी: गावात, जिथं रेंज आहे तिथं

अ‍ॅप अपडेट करा. जुन्या आवृत्तीवर अडून बसलेले लोक मी दर हंगामात पाहतो. खातेदाराची नोंदणी, गट क्रमांक हे सगळं ओट्यावर बसून उरका. ओटीपी ज्या सिमवर येणार ते सिम सुरू आहे ना, तेही बघा. फोनमधले जुने व्हिडिओ काढून निदान एक-दोन जीबी जागा मोकळी करा. सेटिंगमध्ये अ‍ॅपला कॅमेऱ्याची आणि अचूक लोकेशनची परवानगी द्या.

रात्री लाईन असेपर्यंत चार्ज करून घ्या. विजा कडकडत असतील तर चार्जर बोर्डातून काढून ठेवा.

वावरात

निघण्याआधी, रेंजमध्ये असतानाच, एकदा नकाशा उघडून आपली जागा दिसेपर्यंत थांबा. जीपीएसला टॉवर लागत नाही, ते थेट उपग्रहांचे संकेत घेतं. पण इंटरनेट असलं की उपग्रह लवकर सापडतात, म्हणून ही सोय गावातच करायची. मग वाटेत फोन एअरप्लेन मोडवर टाका. रेंज नसलेल्या भागात फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि त्यातच अर्धी बॅटरी जाते.

पोचलात की धुऱ्यावरच्या निंबाखाली उभं राहू नका. दाट झाडाखाली जागा चुकीची दिसते. आपल्याच गटाच्या आत, मोकळ्या आभाळाखाली दोन-तीन मिनिटं थांबा, लोकेशन स्थिर झालं की फोटो काढा. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, त्यामुळे दुपट्ट्याचं कोरडं टोक हाताशी ठेवा. सकाळी दहाच्या आत गेलात तर उत्तम; भादव्याचं ऊन फोनलाही सोसत नाही, तापला की कॅमेरा बंद होतो.

परत आल्यावर: इथंच जास्त जण फसतात

रेंज नसताना भरलेली माहिती आणि फोटो फोनमध्येच राहतात. ते अपलोड होत नाहीत तोवर नोंद झालेली नसते. आमच्या गावात पाण्याच्या टाकीजवळ रेंज मिळते, तुमच्याकडे शाळा असेल नाही तर देऊळ. तिथं जाऊन अपलोड करा. त्याआधी अ‍ॅप काढून टाकू नका, त्याचा डेटा साफ करू नका, नाहीतर सगळी मेहनत पुसली जाईल. नंतर अ‍ॅपमधली गावातल्या खातेदारांची यादी उघडा. पाहणी झालेल्यांची नावं हिरव्या रंगात दिसतात. आपलं नाव हिरवं झालं की स्क्रीनशॉट काढून घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.

फोन बंदच पडला तर

एकाच फोनवरून दुसऱ्या खातेदाराचीही पाहणी करता येते. शेजाऱ्याचा, पुतण्याचा फोन घेऊन चला. लाजण्यासारखं त्यात काही नाही. मुदत संपली असेल तर गावासाठी नेमलेल्या पीक पाहणी सहायकाला गाठा, शेतकऱ्यांची मुदत संपल्यावर उरलेल्या गटांची पाहणी त्यांच्याकडे असते. जाताना गट क्रमांक कागदावर लिहून न्या. काकाजी आता तो कागद पॉलिथिनमध्ये गुंडाळून टोपीत ठेवतात, आणि सोबत माझा फोन असतो.